जुनं दिसणारं जॅकेट

"सामान आहे ना तुझ्याकडे?" फर्गसने विचारलं.

"आहे की," लिंडसे क्रॉम्बी म्हणाला.

हे संभाषण मार्चच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी लिंडसेच्या स्वयंपाकघरात झालं. त्याला चार सेकंद लागले. पुढच्या महिनाभरात जे जे घडलं, आणि त्यात एक पोलीस चौकशीही आली, त्या सगळ्याचं मूळ 'आहे की' या दोन शब्दांत आहे. कारण सामान नव्हतं. सशांसाठी घेतलेली एक रायफल होती, तिचा परवाना होता आणि एक छत्री होती. डोंगरातल्या शिकारीच्या सामानात छत्री धरत नाहीत, हे त्याला नंतर कळलं.

फर्गस हा लिंडसेच्या बायकोचा भाऊ. दोन हजार मेंढ्यांचा मालक, बोलायला काटकसरी. दर एप्रिलमध्ये, इथल्या शरद ऋतूत, हरणांचे नर माजावर येऊन दऱ्यांमध्ये हंबरू लागले की फर्गस, रेवी आणि नोएल असे तिघे पाच दिवस डोंगरात जात. बावीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता, आणि बावीस वर्षं लिंडसेने जेवणाच्या टेबलाशी बसून त्याच्या हकिगती ऐकल्या होत्या. कुठली दरी, कुठला वारा, किती फाट्यांची शिंगं, हे सगळं त्याला पाठ होतं. त्या शिकारीतला त्याचा प्रत्यक्ष सहभाग आणलेलं मांस संपवण्यापुरता होता. त्याला कधीच कुणी 'येतोस का' म्हणालं नव्हतं आणि आपल्याला यायचंय असं तोही कधी बोलला नव्हता. यंदा नोएलच्या खुब्याचं ऑपरेशन निघालं. तिसरी जागा रिकामी झाली. एकावन्नाव्या वर्षी माणसाला अशी जागा पुन्हा मिळत नसते.

"मग सांग ना त्याला, सामान नाही म्हणून," फर्गसची गाडी वळल्यावर रोवेना म्हणाली.

"आता कसं सांगू? हो म्हणून बसलोय."

"दहाच मिनिटं झालीत."

"तेच तर. दहा मिनिटांत शब्द फिरवला तर काय वाटेल त्याला?"

"माझा भाऊ आहे तो. त्याला काही वाटत नाही." रोवेनाने ओटा पुसता पुसता अंदाजपत्रक मंजूर केलं. "तीनशे डॉलर. वर एक सेंट नाही. आणि बाथरूममध्ये लोकरी काही लोंबकळताना दिसलं तर मी आईकडे जाईन."

लिंडसे जेराल्डीनमध्ये कवळ्या बनवतो. गावची वस्ती तीन हजार, आणि साठीच्या पुढचं निम्मं गाव त्याच्या दातांनी जेवतं. अशा माणसाला गावात गुपचूप काही विकत घेता येत नाही. म्हणून शनिवारी तो पस्तीस किलोमीटरवरच्या टिमारूला गेला. तिथल्या दुकानात एका बाईंनी त्याला एक जॅकेट दाखवलं. किंमत नऊशे एकोणपन्नास. लिंडसेने चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसऱ्या कारागिराने केलेली कवळी तपासावी तशा त्याच्या शिवणी तपासल्या.

"याला तीन थर आहेत," बाई म्हणाल्या.

"एकाच थराचं मिळेल का?"

"मिळेल. त्याला शर्ट म्हणतात."

रिकाम्या हाताने बाहेर पडणं बरं दिसत नाही म्हणून त्याने बारा डॉलरच्या बुटांच्या नाड्या घेतल्या. त्या घालायला बूट नव्हते. पण खरेदीला सुरुवात झाली होती.

मग नाइलाजाने तो गावातल्या धर्मादाय दुकानात गेला. हे दुकान थेल्मा प्रिचर्ड चालवतात. वय एकोणऐंशी, वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या लिंडसेच्या. देणगीत आलेला प्रत्येक कपडा कुणाच्या घरून आला हे त्यांना तोंडपाठ असतं आणि ते सांगितल्याशिवाय त्या पिशवी हातात देत नाहीत.

"हा स्वेटर युअर्टसाहेबांचा. गेले ते. पण यात नाही गेले, काळजी करू नकोस."

"बागकामाला हवाय, मिसेस प्रिचर्ड."

"हो का. आणि हे तीन लोकरी बनियन?"

"तेही बागकामालाच."

"आणि ही लांब लोकरी विजार?"

लिंडसेने पाकीट काढलं. लोकरी विजार आणि वरून हाफपँट हा इथल्या डोंगरातला गणवेश आहे. त्या वेषात बाग कुणी करत नाही.

"फर्गसबरोबर चाललायस ना बाळा," थेल्माबाई घडी घालत म्हणाल्या. "नोएलच्या बायकोने सांगितलं. मी कुणाला बोलायची नाही." गुरुवारपर्यंत त्यांनी फक्त गावालाच सांगितलं होतं. बुटांचा जोड मात्र त्यांनी आतून काढून दिला. भक्कम, कातडी, नऊ डॉलर, अर्धा नंबर लहान. "पाय आखडून घ्यायची सवय होते," त्या म्हणाल्या.

याच सुमारास कागदोपत्री एक अडचण आली. शिकारीचा टापू सोडतीत मिळतो आणि परवान्यावर तिघांची नावं असतात. नोएलच्या जागी लिंडसेचं नाव घालायचं तर नोएलने स्वतः संगणकावर 'माघार' असं नोंदवायचं. नोएलने ते ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, वेदनाशामक औषधांच्या अमलाखाली नोंदवलं, आणि एका माणसाची माघार नोंदवण्याऐवजी अख्ख्या गटाची नोंदवली. फर्गस त्या आठवड्यात लोकर कातरणीत अडकलेला, फोनच्या टप्प्याबाहेर. लिंडसेने परवान्याच्या कार्यालयाला फोन केला.

"गट परत हवाय? तुमचं नाव आहे का गटात?" पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही. तेच घालायचंय."

"जो गटात नाही, त्याला गट परत मागता येत नाही."

"पण गट असल्याशिवाय मी गटात जाणार कसा?"

"बरोबर आहे तुमचं," गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले. त्यांना ते खरोखरच पटलं होतं. नियम मात्र तसाच राहिला. शेवटी नोएलच्या बायकोने नवऱ्याच्या हातातून संगणक काढून घेतला आणि अडीच मिनिटांत सगळं सरळ केलं. 'बदलाचं कारण' या रकान्यात तिने 'खुबा' एवढंच लिहिलं.

आता राहिलं जॅकेट. ते एका लिलावाच्या साइटवर मिळालं. 'एकदाच वापरलेलं, कारण मालकाचं वजन.' विकणारा टेमुका गावचा निवृत्त पोस्टमास्तर निघाला, म्हणजे लिंडसेचं जुनं गिऱ्हाईक. पंच्याण्णववरून तो पंच्याऐंशीला उतरला, पण वरची कवळी हलतेय ती आत्ताच बसवून द्यायची या बोलीवर. लिंडसेने ती त्याच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर कानशीने घासून बसवून दिली. पोस्टमास्तरने सफरचंद चावून पाहिलं आणि मगच जॅकेट सोडलं. माल अस्सल होता. शिवणींवर पट्ट्या होत्या, टोपीला पुढे छज्जा होता, पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा घरंगळत होता. तीनशेपैकी अजून एकशे सत्तर शिल्लक होते. आयुष्यातला सर्वांत चांगला सौदा आपण केला, असं लिंडसेला वाटलं. खरंही होतं ते. तिथेच थांबला असता तर ही हकिगत इथे संपली असती.

त्याने ते जॅकेट शेजारच्या मर्व्हला दाखवलं. मर्व्ह सत्तरीचा, जन्मभर कुंपणं घातलेला माणूस. त्याने जॅकेटभोवती एक फेरी मारली.

"छान आहे," मर्व्ह म्हणाला. "फारच छान आहे."

"म्हणजे?"

"फर्गसला काय म्हणालास तू? सामान आहे. म्हणजे पूर्वीपासून आहे. हे काय पूर्वीपासूनचं दिसतं? हे घालून गेलास तर तो काही बोलणार नाही. नुसता बघेल."

फर्गसचं ते नुसतं बघणं लिंडसेला ठाऊक होतं. आजारी मेंढीकडे तो तसाच बघत असे.

"फर्गसचं जॅकेट बघितलंयस?" मर्व्ह पुढे म्हणाला. "खांद्यावर चिकटपट्टी, खिसा सुतळीने शिवलेला. माणसाची पत त्यावरून ठरते इथे. माझं जॅकेट तसं व्हायला तीस वर्षं लागली. तुझ्याकडे अकरा दिवस आहेत."

"मग काय करायचं?"

"गाडीला बांधून ओढायचं."

मर्व्हचा सल्ला आंधळेपणाने घेतला असं कुणी म्हणू नये. लिंडसेने आधी चहाचं पाणी लावून पाहिलं, मग कवळ्या घासायचा बारीक पॉलिश कागद फिरवून पाहिला. जॅकेट तसंच तुकतुकीत राहिलं. रविवारी दुपारी दोघांनी ते मर्व्हच्या गाडीच्या मागे दोराने बांधलं. नुसतं ओढलं तर एकाच बाजूने झिजेल, असा आक्षेप लिंडसेने काढला. तो कारागीर आहे, असमान झीज त्याला सहन होत नाही. म्हणून त्यांनी आत पेंढा ठासून भरला, बाह्यांतही भरला, टोपी दोरीने आवळली आणि खडीच्या वर्तुळाकार रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने तीन किलोमीटर नेलं. तिसऱ्या किलोमीटरच्या शेवटी मागे निळा दिवा लागला.

कॉन्स्टेबल नायरी ओवेन उतरल्या आणि आधी दोराच्या शेवटाकडे गेल्या. तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खिडकीशी आल्या.

"एका बाईंचा फोन आला, गाडीमागे माणूस फरपटत चाललाय म्हणून. जॅकेटमध्ये कोण आहे?"

"कुणी नाही," मर्व्ह म्हणाला. "पेंढा."

"कशासाठी?"

"सारखं झिजावं म्हणून."

"कशाला झिजवताय?"

मर्व्हने लिंडसेकडे पाहिलं. लिंडसेने समोरच्या काचेकडे पाहिलं. "नवं दिसू नये म्हणून," तो म्हणाला.

"क्रॉम्बीसाहेब, तुमच्याकडे रायफलचा परवाना आहे ना?"

"आहे."

"तो देताना तुम्ही 'सुज्ञ आणि योग्य व्यक्ती' आहात असं आम्ही लिहून घेतो."

"हो."

कॉन्स्टेबलबाईंनी वही उघडली, काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. "मी 'पेंढा' एवढंच लिहितेय," त्या म्हणाल्या. "फर्गसबरोबर जाताय ना? मग दोन्ही कोपरं जरा जास्त घासा. माझ्या वडिलांची कोपरंच आधी जायची."

जॅकेट खरोखर सुरेख जुनं झालं होतं. एका खांद्याला भोक पडलं, त्यावर लिंडसेने चिकटपट्टी लावली. पट्टीही आधी जुनी करून घेतली. बूट पायात मुरावेत म्हणून तो ते पाण्यात बुडवून दिवसभर घालत होता. गिऱ्हाइकांच्या तोंडात ठशाचा लगदा भरलेला असताना खालून चपक-चपक आवाज येत राही, आणि लगदा निघाला की गिऱ्हाईक आधी बुटांबद्दल सल्ला देई आणि मग दातांबद्दल तक्रार करी. शेवटची खरेदी म्हणून त्याने भगव्या रंगाचं भडक बंडी-जाकीट घेतलं. आधी पैसे खर्चून हिरवं-करडं व्हायचं, म्हणजे हरणाला दिसू नये, आणि मग आणखी पैसे खर्चून भगवं व्हायचं, म्हणजे रेवीला दिसावं. यात विसंगती आहे, पण गोळी रेवीकडे असते आणि हरणाकडे नसते.

निघायच्या आधीच्या शनिवारी फर्गसच्या शेतावर सामानाची तपासणी असते. तिघांच्या सॅक शेडच्या लाकडी फरशीवर उपड्या करतात आणि फर्गस त्यातलं अर्धं परत पाठवतो. लिंडसेच्या ढिगासमोर तो बराच वेळ बसला. स्वेटर उचलून पाहिला.

"हा युअर्टचा होता."

"होता," लिंडसे म्हणाला.

"चांगला आहे." स्वेटर चालणार होता. विजार चालली, बूट चालले. जॅकेटवरून त्याने अंगठा फिरवला. "हे कुठे वापरलंस?"

"इकडे तिकडे. वरच्या दऱ्यांत."

रेवीने खाली मान घालून आपल्या बुटाची नाडी पुन्हा बांधली. रेवी शाळेत सुतारकाम शिकवतो, शांत माणूस आहे, आणि त्याची बायको धर्मादाय दुकानात दर बुधवारी थेल्माबाईंच्या मदतीला असते.

"चला मग पावसात," फर्गस म्हणाला.

मेंढ्यांना औषधाचा फवारा द्यायची जुनी गोल कोंडी अजून त्याच्या शेडमागे आहे. वरून नळ्या, खालून नळ्या. हल्ली तिच्यात साधं पाणी सोडतात. जॅकेट घालून माणसाने दहा मिनिटं आत उभं राहायचं. गळायचं असेल तर डोंगरापेक्षा इथे गळू दे, हा नोएलच्या वडिलांच्या काळापासूनचा रिवाज. फर्गस पाण्याच्या चावीपाशी उभा राहिला. रेवी आणि लिंडसे आत गेले.

पहिल्या मिनिटाला लिंडसेच्या पाठीतून एक बारीक, गार धार निघाली. दुसऱ्या मिनिटाला तिला सोबत मिळाली. खडीने जॅकेटचे तीनही थर लिंडसेच्या हव्या तशा समानतेने झिजवले होते.

"ठीक?" फर्गसने बाहेरून विचारलं.

"ठीक," रेवी म्हणाला.

"ठीक," लिंडसे म्हणाला.

चौथ्या मिनिटाला चिकटपट्टी सुटून गालावर येऊन चिकटली. सहाव्या मिनिटाला युअर्टसाहेबांचा स्वेटर पाणी पिऊन मांडीपर्यंत आला.

"लिंडसे, ओला होतोयस का?"

"नाही."

"पाणी तुझ्या बाहीतून बाहेर येतंय."

"वरून पडलेलं आहे ते."

"आणि विजारीतून?"

लिंडसेने विजार वर ओढली. फर्गसने चावी बंद केली. नळ्या ठिबकत राहिल्या. तो कोंडीच्या दाराशी आला आणि नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे पाच-सहा वाक्यं बोलला.

"हे बघ. जॅकेट गळतं, ठीक आहे, जॅकेटं गळतात. पण वर पाऊस लागला की मी विचारतो, गारठलायस का. कुणी नाही म्हणाला की मी पुढे चालतो. मग अंधार पडतो. मग तो थरथरायचा थांबतो, आणि थरथरायचा थांबला की उचलून आणावा लागतो. तुझ्या बहाद्दरीचं ओझं मी घेऊन येणार नाही. आता सांग, ओला आहेस का?"

लिंडसेने गालावरची चिकटपट्टी काढली. बावीस वर्षं ज्या जागेची वाट पाहिली ती जागा आता दोन पावलांवर होती, आणि ती घालवणारं उत्तर त्याला द्यायचं होतं.

"पहिल्या मिनिटापासून," तो म्हणाला. "आणि सामान नव्हतंच माझ्याकडे. तू विचारलंस त्या मंगळवारी नव्हतं. त्याच्या आधीही कधी नव्हतं. वरच्या दऱ्यांत मी गेलेलो नाही. हे जॅकेट नवं होतं फर्गस, चांगलं होतं. मी ते मर्व्हच्या गाडीला बांधून ओढलं."

"माहितीये," फर्गस म्हणाला.

"माहितीये?"

"नायरीचा फोन आला होता. 'पेंढ्यासाठी मी गाडी थांबवली, तुला काही कळलं का?' म्हणून विचारत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मी काय बोलणार. तू 'आहे' म्हणालास." फर्गसने शेडकडे मान वळवली. "आत कपाटात नोएलची दोन जॅकेटं आहेत. चांगली आहेत. घे हवं ते."

"ती आधी का नाही दिलीस?"

"तू मागितलं नाहीस."

रेवी स्वतःचं जॅकेट झटकत म्हणाला, "आमच्या घरीही एक पडलंय. मला वाटलं तुला वाईट वाटेल."

पुढच्या गुरुवारी ते निघाले. नदीच्या पात्रातून गाडी जाईल तिथवर गेली, मग पाच तास पायी. थेल्माबाई म्हणाल्या तशी पाय आखडून घ्यायची सवय झाली नाही, पण दुखण्याची झाली. नोएलच्या जॅकेटची बाही लिंडसेच्या बोटांच्या चार इंच पुढे जात होती. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पावसाने झोडपलं. दुपारी सव्वादोनला ते डोंगराच्या एका धारेखाली, ओल्या झुडपांत पालथे पडले होते आणि वर दोनशे मीटरवर एक नर हंबरत होता. साधं हंबरणं नव्हतं ते. लिंडसेने टेबलाशी बसून बावीस वर्षं ज्या आवाजाची नक्कल ऐकली होती तो आवाज खरा असा असतो, हे त्याला छातीतून कळलं. वारा त्यांच्या बाजूचा होता. अर्धा तास नुसतं पडून राहायचं, नर आपोआप खाली येणार. रेवीने एकदा मागे वळून डोळ्यांनीच सांगितलं की असा नर दहा वर्षांत ऐकला नाही.

लिंडसेची बोटं मघाशी दुखत होती. आता दुखत नव्हती. दातही वाजायचे थांबले होते, आणि दातांबद्दल तो व्यवसायाने सावध आहे. तो पाच मिनिटं थांबला. मग फर्गसच्या कोपराला हात लावून हळू म्हणाला, "मी गारठलोय."

वरचा नर हंबरला. फर्गस ऐकत राहिला, त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळत राहिलं.

"वाईट?" त्याने विचारलं.

"बोटं कळत नाहीत."

"देवाची कृपा," पुढून रेवी पुटपुटला. "माझ्या बुटात सकाळी दहापासून पाणी आहे."

फर्गसने मान वळवून आधी रेवीकडे पाहिलं, मग लिंडसेकडे. मग सावकाश उठून बसला, सुतळीने शिवलेल्या खिशाचं ते जॅकेट उघडलं आणि आतल्या शर्टाची बाही पिळली. कपभर पाणी निघालं असेल.

"कधीपासून?" रेवीने विचारलं.

"सहा वर्षं झाली."

"आणि कोंडीत?"

"चावीपाशी मीच असतो," फर्गस म्हणाला, आणि खाली उतरू लागला.

मुक्कामाच्या झोपडीत पोचून शेगडी पेटेपर्यंत साडेतीन वाजले. तिघांनी आपापले कपडे दोरीवर टाकले आणि लोकरी विजारींत बसून साखर घातलेला चहा प्यायला. नर संध्याकाळपर्यंत हंबरत होता. झोपडीत स्पष्ट ऐकू येत होता. चौथ्या दिवशी रेवीने एक मध्यम नर पाडला. पाचव्या दिवशी ते परत आले.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळे लिंडसेकडे जेवायला जमले. नोएलही काठी टेकत आला. मांस फर्गसने कापलं आणि कापता कापता हकिगत सांगितली. "चौदा फाट्यांचा असेल," तो म्हणाला. "निदान चौदा. दोनशे मीटरवर. वारा आपला. आणि या आमच्या कवळीवाल्याला थंडी वाजली."

टेबल हसलं. नोएल सर्वांत जास्त हसला.

"अरेरे, लिंडसे," नोएल म्हणाला. "चौदा फाटे. थोडं सोसवलं नाही तुला?"

लिंडसेने तोंड उघडलं. शर्टाची ती पिळलेली बाही त्याच्या जिभेच्या टोकावर होती. रेवी बटाट्यांकडे बघत होता. रोवेना नवऱ्याकडे बघत होती, कारण तिला सगळं माहीत होतं. आणि फर्गसने मांसाचा काप वाढता वाढता दुसऱ्या हाताने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून लिंडसेच्या ताटाशी ठेवला. पुढच्या वर्षीच्या सोडतीचा अर्ज होता. नावं तिन्ही फर्गसच्या अक्षरात लिहिलेली होती, रेवीच्या खाली लिंडसेचं. नोएलचं नव्हतं.

"सही कर," फर्गस म्हणाला.

लिंडसेने सही केली आणि कागद परत दिला.

"नाही सोसवलं," तो नोएलला म्हणाला. "फार थंडी होती."